पात्यावरचा ठिपका

ओस्मेलनं कॉम्प्युटरची बाजूची पत्र्याची झडप काढली, तशी इडाल्मिसनं खुर्ची इतकी पुढं ओढली की त्याचं कोपर तिच्या गुडघ्याला लागलं. त्यानं अंग चोरलं. तिनं खुर्ची मागं घेतली नाही.

"नवऱ्याकडं तरी एवढं टक लावून बघितलं असतंस, तर टिकला असता," झुलत्या खुर्चीतून तिची म्हातारी आई, झोराइदा, म्हणाली.

पण बघायलाच हवं होतं. गल्लीतल्या न्हाव्याची लिसान्द्रा शनिवारी पंधरा वर्षांची होणार होती. गुलाबी झग्यातले तिचे चाळीस फोटो या डब्यात होते आणि डबा दर वीस मिनिटांनी तापून आपोआप बंद पडत होता. इथं मुलीचं पंधरावं लग्नासारखं साजरं होतं, आणि ते एकदाच लागतं. त्या दिवशी अल्बम हातात नसेल, तर पुढं या गल्लीतलं कुणी इडाल्मिसकडं फोटो सजवायला देणार नव्हतं. त्यात हा मिस्त्री नवा. मिस्त्रीच्या हातून गेलेलं यंत्र आतून तेच राहिलं असेल, याची हमी अख्ख्या कामाग्वे शहरात कुणी देत नाही. चांगला भाग काढायचा, झिजलेला बसवायचा. दुकानात नवा मिळतो कुठं? म्हणून यंत्र दाखवण्याआधी घरच्या बायका आतल्या एकेका भागावर नेलपॉलिशचा ठिपका देऊन ठेवतात.

मार्चमध्ये इडाल्मिसनंही दिला होता. पनामाहून आणवलेल्या मेमरीच्या पट्ट्यांवर, डिस्कवर, पंख्याच्या एका पात्यावर. तेव्हाच्या मिस्त्रीकडून सगळे ठिपके जागच्या जागी परत आले, पण त्याच दिवसापासून पंखा खडखडू लागला. ती काय समजायचं ते समजली. लबाडानं पंखा बदलला होता आणि वर तसल्याच रंगाचा ठिपका दिला होता. आता निदान उरलंय ते तरी जाऊ नये, म्हणून काल तिनं लाल रंगात चंदेरी कालवला आणि जुन्या ठिपक्यांवर चांगला जाड थर चढवला. हा रंग कुणाच्या बापाला जमला नसता. आज सकाळी पंखा आणखीच खडखडत होता.

ओस्मेलनं वर्तमानपत्र अंथरलं. पात्यांत काडी अडकवून पंखा गरगरू नये असा धरला आणि सायकलच्या पंपानं वारा मारला. राखाडी धुळीचे लोंबते गोळे कागदावर पडले. मग रंगाऱ्याच्या कुंचल्यानं तो एकेक फट झाडू लागला. मधूनच बारका पेचकस कानामागं खोचायचा, पुन्हा काढायचा. इडाल्मिसची नजर त्याच्या बोटांवर होती. पट्ट्या दोन. डिस्क एक. पंखा आहे.

पाऊण तास झाला. म्हातारीनं घसा खाकरला आणि भिंतीला सांगावं तसं सांगितलं, की तिच्या आईच्या घरात पाहुणा कॉफीवाचून इतका वेळ कधी बसला नाही, मग तो चोर का असेना.

ओस्मेल धुळीत बघून हसला. इडाल्मिसच्या कानांच्या पाळ्या तापल्या. ती उठली, आईला डोळ्यांनी नीट बजावलं आणि आत गेली.

शेगडीवर कॉफीचं भांडं ठेवलं, पण कान बाहेर होते. पेच फिरल्याचा आवाज आला. मग काहीतरी खरवडल्याचा. बराच वेळ खरवडल्याचा. मग कॉम्प्युटर सुरू झाला, आणि खडखड नव्हती. पंखा लोण्यातून फिरावा तसा फिरत होता. भांडं शेगडीवर तसंच टाकून ती निघाली.

ती बाहेर आली तर म्हातारी तोंड उघडं टाकून घोरत होती.

"बंद कर," ती म्हणाली.

त्यानं बंद केला. पंखा मंदावत थांबला. तिनं वाकून सातही पाती बघितली, पुन्हा बघितली. ठिपका नव्हता.

"माझा पंखा कुठाय?"

"हाच की, ताई."

"माझ्या पंख्यावर खूण होती."

ओस्मेलनं वर्तमानपत्रावरची धूळ बोटानं बाजूला केली. खाली मसुराच्या दाण्याएवढी पापडी होती, लाल, चंदेरी झाक असलेली. त्यानं ती उचलून तिच्या तळहातावर ठेवली.

"एकाच पात्यावर एवढं ओझं. पंखा सरळ फिरणार कसा? मला वाटलं, घरात लहान मुलं असतील."

"घरात मुलं नाहीत."

"बरं," तो म्हणाला.

तिला आणखी काही म्हणायचं होतं. मार्चमधल्या त्या मिस्त्रीबद्दल असेल. गल्लीभर तिनं त्याचं नाव खराब केलं होतं. पण तेवढ्यात आत कॉफी उतू गेली. उरली ती तिनं आणून दिली आणि पुन्हा त्याच खुर्चीत बसली, हात मांडीवर ठेवून.

मशीन अर्धा तास चालली. बंद पडली नाही. पडद्यावर लिसान्द्रा गुलाबी झग्यात हसत होती.

ओस्मेलनं कप खाली ठेवला आणि हत्यारं टेबलावर एका ओळीत मांडली. प्रत्येकाच्या मुठीवर हिरव्या नेलपॉलिशचा ठिपका होता. तो पुटपुटत मोजू लागला. सातापर्यंत आला, थांबला. पुन्हा पहिल्यापासून मोजलं. एक कमीच.

मग तिच्या तोंडाकडं न बघता तो म्हणाला, "ताई, जरा उठता का?"

इडाल्मिस उठली. तो गुडघ्यांवर बसून खुर्चीखाली चाचपू लागला. त्याच्या कानामागं हिरवा ठिपका चमकत होता. ती तशीच उभी राहिली, मुठीत पापडी धरून.