पाळकीणबाईंची कामं

"पाळकीणबाई कोण?" दिगंबररावांनी विचारलं, आणि पंचमंडळाच्या बैठकीत चहाचे कप ओठांपाशीच थांबले.

हडपसरच्या त्या छोट्या चर्चला नवा पाळक मिळाला होता, आणि तो पाळक बाई होता. रेव्हरंड नीरजा भालेराव. वय पस्तीस, लग्न नाही, आवाज खणखणीत.

"बाईंनी उपदेश करावा, बाप्तिस्मा द्यावा, माझं काही म्हणणं नाही," दिगंबरराव म्हणाले. म्हणणं होतं; ते सगळ्यांना ठाऊक होतं. त्या व्यासपीठावर एके काळी त्यांचे वडील पाळक म्हणून उभे राहत. तिथे पदर दिसला की ते नजर छताकडे वळवत. "पण पाळकासोबत त्याची बायको, पाळकीणबाई येते. वेदीची फुलं, उपासनेनंतरचा चहा, रविवारची शाळा, आजाऱ्यांची विचारपूस. तिला पगार नसतो, नेमणूक नसते; भांड्यासोबत झाकण यावं तशी ती येते. ही कामं करायची कुणी?"

"मी पुरुष असते आणि बिनलग्नाची असते तर?" नीरजाबाईंनी विचारलं.

"तर आम्ही लग्न लावून दिलं असतं."

"म्हणजे मांडवाचा खर्च वाचला तुमचा."

अध्यक्ष शांतवनराव भांडणाला भिणारे. त्यांनी तोडगा काढला. एक वर्ष बघायचं. पाळकीणबाईंची कामं अडली, तर बिशपसाहेबांकडे लग्न झालेला पाळक मागायचा. नाही अडली, तर बाई कायम.

"तुमची हरकत एवढीच ना, दिगंबरराव?"

"एवढीच," दिगंबरराव म्हणाले, आणि मनातल्या मनात बाईंचं सामान बांधू लागले.

पहिल्याच रविवारी वेदीवरची फुलदाणी रिकामी होती. दिगंबरराव पुढच्या बाकावर बसून वाट पाहत राहिले. बाई व्यासपीठावर चढल्या, उपदेश करून उतरल्या. फुलदाणीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. पुरावा चोख होता. पण वडिलांच्या वेदीवर रिकामी पितळी फुलदाणी बघवेना. पुढच्या शनिवारी ते मंडईतून शेवंती घेऊन आले. फक्त चर्चची शोभा जाऊ नये म्हणून.

मग चहा. उपासना सुटली की लोक आवारात कोरड्या घशाने उभे.

"पाळकबाई, चहाचं काय?" त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं.

"घेईन की. साखर कमी," नीरजाबाई म्हणाल्या, आणि एका म्हाताऱ्याचं गाऱ्हाणं ऐकायला वळल्या.

दिगंबररावांनी आधण ठेवलं. पहिला चहा करपला, दुसरा उतू गेला, तिसऱ्याला लोकांनी दुसरा कप मागितला.

रविवारच्या शाळेची पोरं कुंपणावर चढलेली दिसली तेव्हा ते दरडावायला गेले आणि दावीद-गल्याथची गोष्ट सांगत बसले. राक्षसासारखा धिप्पाड गल्याथ व्हायला कुणी तयार होईना, म्हणून स्वतःच झाले. दावीदच्या गोफणीचा धोंडा लागून धाडकन पडले. पोरं म्हणाली, पुन्हा पडा. ते पुन्हा पडले.

घरी सुनेनं, पद्मजेनं, शर्टावरची माती पाहिली.

"बाबा, आपल्या घरात गॅस कुठे असतो ठाऊक आहे का तुम्हाला? तिकडे म्हणे आलं घालून चहा करता."

"मी पुरावे गोळा करतोय," दिगंबरराव म्हणाले.

त्याच पुराव्यासाठी ते चर्चमधल्या मथुराबाईंकडे गेले. म्हातारी अंथरुणाला खिळलेली. "बाई येतात का तुमच्याकडे?"

"येत्यात की. प्रभुभोजन देत्यात, प्रार्थना करत्यात. लई ग्वाड बोलत्यात."

"आणि मोसंबी कोण सोलून देतं? पाय कोण चेपतं?"

"कुणी न्हाई बा."

दिगंबररावांचे डोळे चमकले. हा सगळ्यात मोठा पुरावा. पण म्हातारीने मोसंबं त्यांच्याच हातात ठेवलं होतं, तेव्हा ते सोलू लागले. सालीचा वास खोलीभर झाला आणि म्हातारी जात्यावरच्या सुरात येशूची ओवी गाऊ लागली:

विहिरीच्या काठी बाई, राजा बसला तान्हेला
भरल्या घागरीचा, मान बाईच्या हाताला

दिगंबररावांनी फोड पुढे केली. "पुन्हा म्हणा," ते म्हणाले. दुसऱ्या खेपेला त्यांनी हलकेच सूरही धरला. त्यानंतर दर गुरुवारी ते पुरावा तपासायला जाऊ लागले. कधी कधी मंगळवारीही.

नाताळच्या तोंडावर वर्ष भरलं. सभेला चर्च गच्च. नीरजाबाई कडेच्या बाकावर, मांडीवर हात ठेवून बसलेल्या. आज त्यांचं इथलं अन्नपाणी ठरायचं होतं.

दिगंबरराव उठले. असं भाषण त्यांनी जन्मात केलं नव्हतं.

"वर्षभर वेदीवर फुलं कुणी ठेवली? मी! चहा कुणी केला? मी! पोरांकडून दहा आज्ञा तोंडपाठ कुणी करून घेतल्या? मी! मथुराबाईंचे पाय कुणी चेपले? विचारा त्यांना! पाळकीणबाईचं एक तरी काम या बाईंनी केलं का?"

"नाही," शांतवनराव म्हणाले. "एकही नाही."

"लिहून घ्या!"

"घेतो. एखादं काम अडलं का हो, दिगंबरराव?"

"अडेल कसं?" दिगंबररावांनी छाती पुढे काढली. "मी होतो ना!"

टाळ्यांनी छत दणाणलं. पोरं बाकांवर उभी राहिली. दिगंबररावांनी नम्रपणे मान झुकवली. बाईंची बाजू इतकी साफ कोसळेल, असं त्यांनाही वाटलं नव्हतं. कडेच्या बाकावर नीरजाबाई डोळे पुसत होत्या. दिगंबररावांना जरा वाईटच वाटलं.

तेवढ्यात महिला मंडळाच्या मुक्ताबाई मागच्या बाकावरून उठल्या, सगळी गर्दी ओलांडून पुढे आल्या आणि त्यांनी दिगंबररावांच्या हातात कागदात गुंडाळलेलं एक मऊ पुडकं ठेवलं.

"पाळकीणबाईंना नाताळला मंडळाकडून साडी असते," त्या म्हणाल्या. "काठ आवडला नाही, तर बदलून मिळेल."