उजव्या हातावरचं नाव

सारंगखेड्याच्या जत्रेत मगन आणि भटूनं दोस्तीत एकमेकांची नावं उजव्या हातावर गोंदवून घेतली होती. गोंदणारी बाई हसत म्हणाली होती, "धोतर बदलता ई, पागोटं बदलता ई, पन हाई आते मरेपर्यंत बदलाव नही."

तिसऱ्या वर्षी उसाच्या पाण्याच्या पाळीवरून मगननं त्याच भटूच्या मानेवर कोयता घातला. मग तो शांत डोक्यानं कामाला लागला. प्रेताचं पागोटं फेकलं, धोतर बदललं, तोंड दगडानं ठेचून काढलं. हातावरचं 'मगन' मात्र काही केल्या पुसेना, म्हणून तेवढी कातडी सोलली आणि भटूला तापीत ढकललं. कोयता धुताना त्याला स्वतःच्या हातावरचं 'भटू' दिसलं. ते नाव आता घासाघासाला तोंडाशी येणार होतं. त्यानं दात आवळले आणि तीही कातडी सोलून टाकली.

भटू सुरतेला कामाला गेला, असं त्यानं गावात सांगितलं.

चौथ्या दिवशी फुगलेलं प्रेत काठाला लागलं. तोंडच नव्हतं, त्यामुळे कुणाला ओळखू येईना. उचलायला मगनही पुढं झाला, तेव्हा पोलीस पाटलांची नजर त्याच्या उजव्या हाताला बांधलेल्या फडक्यावर गेली.

"तुन्हा हातले काय व्हयनं रे?"

"बैलनं शिंग लागनं, पाटील."

पाटलांनी फडकं सोडलं आणि प्रेताचा उजवा हात उचलून त्याच्या हाताशेजारी धरला.

 

"यालेबी तठेच लागनं."