काही सांगितलं नाही तर
पत्रिकेवर आलं होतं : कै. शिवराम व सौ. विमलबाई यांची कन्या नमिता.

रूपेशने लॅपटॉप जवळ ओढला. बहिणीच्या हळदीची पत्रिका त्यानेच लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या फंक्शनने तयार केली होती. नावाआधी काय लावायचं ते सांगितलं, तर ते लागायचं. नाही सांगितलं, तर पुरुषाला 'श्री.', बाईला 'सौ.'. वडिलांचं 'कै.' त्याने आठवणीने दिलं होतं. आईचं काहीच दिलं नव्हतं. चूक कुणाची म्हणायची, हे त्याला कळेना.

"गोटीरामकाकाचा परत फोन आला, पाठव लवकर," म्हणत नमिता वाकली. तिने पहिली ओळ वाचली. मग म्हणाली, "हे काकाने बघितलं ना, अख्ख्या करावे गावात आपलं हसं करेल."

आईपुरतं 'श्रीमती' द्यायला एक शब्द पुरे होता. पण फंक्शन सगळा गाव वापरायचा. उद्या दुसऱ्या कुणाच्या आईचं राहिलं तर? त्याने न सांगता लागणारा शब्दच बदलला.

"झालं. आता आत्या 'श्रीमती'," नमिता म्हणाली. "तिचे यजमान, आपले फुवा, जिवंत बसलेत शेजारी. हळद लावायला येणार आहे ती, मांडव डोक्यावर घेईल."

त्याने शब्द काढूनच टाकला. फंक्शन पहिल्याच बाईच्या नावावर अडलं, काय लावायचं ते विचारत.

"म्हणजे आता प्रत्येकीला विचारायचं, नवरा हाय का?" नमिता म्हणाली.

"तसंच काहीतरी."

"आणि बाप्यांना?"

"त्यांना काय, 'श्री.' एकच. बायको असो नसो."

त्यालाच ते विचित्र वाटलं. त्याने सगळं होतं तसं परत केलं.

विमलबाई भाकऱ्या थापता थापता बाहेर आल्या. अक्षराला अक्षर लावत त्यांनी स्वतःचं नाव वाचलं. पिठाचं बोट 'सौ.'वर टेकलं.

"ह्यो कोनी लावला?"

"कोणी नाही, आये. कॉम्प्युटरला काही सांगितलं नाही की आपोआप लागतं. थांब, काढतो."

"आपोआप?"

"हो."

परातीतलं पीठ सुकत होतं. विमलबाईंनी बोट उचललं नाही.

"मंग तू त्याला काय सांगू नको."