जाड रजिस्टर, पातळ रजिस्टर

चष्मा घरीच राहिला, असं तारामतीबाईंनी सांगितलं, आणि प्रियदर्शिनीने तो आपल्या पर्समधून काढून त्यांच्यापुढे धरला.

"टीव्हीवर ठेवलेला दिसला, आई. म्हटलं, नेमका आजच विसरतील."

सून गुणाची. तारामतीबाईंनी चष्मा घेतला, पदराने पुसला, पुन्हा पुसला. एवढा स्वच्छ चष्मा त्या रविवारी अख्ख्या नल्लकुंट्यात दुसरा नसेल.

सरकारी शाळेच्या त्या खोलीत टेबल एक होतं आणि त्यावर रजिस्टरं दोन. पातळ रजिस्टर साक्षरता वर्गाचं, म्हणजे अ आ पासून सुरुवात. जाड रजिस्टर ओपन स्कूलच्या दहावीचं. टेबलामागे भाग्यलक्ष्मी टीचर बसल्या होत्या. येईल त्याच्या हातात त्या एक कार्ड द्यायच्या. धड वाचलं तर जाड रजिस्टर, अडखळलं तर पातळ. आजचा दिवस शेवटचा.

तारामतीबाईंना जाडच हवं होतं. बरकतपुऱ्यातल्या ज्या शाळेत त्या अठरा वर्षं आया होत्या, तिथे नवं मॅनेजमेंट आलं होतं आणि पोरांची नाकं पुसायलाही आता दहावी लागणार होती. दहावीला नाव घातल्याची पावती सोमवारी आणून द्या, निकाल लागेपर्यंत कामावर ठेवू, असं नव्या मॅडमनी गोड आवाजात सांगितलं होतं. साक्षरता वर्गाची पावती चालेल का, असं एका आयाने विचारलं, तेव्हा मॅडम नुसत्या हसल्या. विचारणाऱ्या तारामतीबाई नव्हत्या. त्या बाजूला उभ्या राहून उत्तर ऐकत होत्या.

प्रियदर्शिनी उत्साहात होती. सासूबाईंना मराठी येतेच, हिंदीची अक्षरं तीच, तेव्हा हिंदी माध्यमच बरं, हे तिने परस्पर ठरवून टाकलं होतं. ती इथल्याच, तेलुगू मुलखातल्या, इंग्रजी शाळेत शिकलेली. शाळेत हिंदी विषय होता म्हणून हिंदी वाचायची. मराठी नुसती बोलायची. त्यामुळे पोथी वाचणाऱ्या सासूचं तिला भारी अप्रूप. टीचरना तिने कौतुकाने सांगितलं की श्रावणात दर शुक्रवारी आमच्याकडे पंचवीस बायका जमतात, आणि आई पुस्तक हातात धरून अख्खी कहाणी वाचतात, एकदासुद्धा न अडखळता.

"इतना पढना आता तो यहां कायकू आये, बाई?" मागे रांगेत उभे असलेले कुणी हिम्मतराव म्हणाले.

दोन-चार जण हसले. सगळ्यांत आधी तारामतीबाई हसल्या.

"पढो अम्मा," भाग्यलक्ष्मी टीचर म्हणाल्या. "आराम से."

कार्डावर मोठ्या ठशात आठ-नऊ ओळी होत्या. तारामतीबाईंनी चष्मा लावला, पाठ ताठ केली आणि पोथी धरतात तसं कार्ड दोन्ही तळव्यांवर घेतलं.

"कोणे एके नगरी एक वाणी होता," त्यांनी सुरू केलं. "त्याला सात सुना होत्या. सहा आवडत्या होत्या, एक नावडती होती."

आवाज स्वच्छ, ठाय लयीतला. खोलीतलं बोलणं थांबलं. आई गंमत करताहेत, असं प्रियदर्शिनीला आधी वाटलं. ती वाकली आणि तिने कार्डावर नजर टाकली. पहिली ओळ होती, नल से पानी टपक रहा है. तिने सासूकडे बघितलं. त्यांचे डोळे ओळींवरून डावीकडून उजवीकडे अगदी नीट फिरत होते. ओळ संपली की खाली उतरत होते.

कहाणी चालू असताना कुणी टोकायचं नसतं, कुणी उठायचं नसतं. मुठीत अक्षता धरून गप्प ऐकायचं आणि संपली की देवीला वाहायच्या. सहा श्रावण प्रियदर्शिनी तशीच बसत आली होती. आताही तिची मूठ आपोआप मिटली.

भाग्यलक्ष्मी टीचरना मराठी येत नव्हती. पण दिवसभर तेच कार्ड ऐकणाऱ्या बाईला, यात नळ कुठेच नाही, एवढं कळायला कितीसा वेळ लागतो? त्यांनीही टोकलं नाही. टेबलावरून पुढे झुकून, आधी पातळ आणि मग जाड रजिस्टरावर बोट ठेवत त्या प्रियदर्शिनीला हळूच म्हणाल्या, "क्या लिखूं, तुम बोलो. इसमें लिखी तो अक्षरां सीखते. उसमें पांच पेपरां हैं."

प्रियदर्शिनीने पातळ रजिस्टरकडे बघितलं. त्यात नाव घातलं की सोमवारपासून आई घरी. आणि श्रावणात पंचवीस बायका येणार, त्यांच्यापुढे पुस्तक कुणी धरायचं? जाड रजिस्टरात घातलं की पावती. पुढे निकाल.

"दहावी," ती म्हणाली.

"पास होते?"

"नहीं."

टीचरनी जाड रजिस्टर ओढून घेतलं आणि नाव लिहायला घेतलं. प्रियदर्शिनीची मूठ मिटलेलीच होती.

हे तारामतीबाईंना ऐकू गेलं की नाही, कळलं नाही. कहाणीतल्या नावडतीला सहाही जावा गोठ्यात नेऊन खरकटं वाढत होत्या. पोथीत तिथे पान संपतं. तारामतीबाईंनी बोट जिभेला लावलं आणि कार्ड उलटलं.

कार्ड पाठकोरं होतं. एकही शब्द न चुकता त्या पुढे वाचू लागल्या.