मनगटावरचं वजन

“हे घड्याळ आहे की डब्याचं झाकण?” अप्पा म्हणाले. घड्याळवाल्याने ते त्यांच्या मनगटावरून उतरवलं मात्र, डावा हात लगेच कोटाच्या खिशात गेला.

लेकीने ते पाहिलं. ती सगळंच पाहत असे. तिच्या कडेवर आठ महिन्यांची चिमणी होती, आणि चिमणी झाल्यापासून तिची झोप तुकड्यातुकड्यांची झाली होती. त्यामुळे हे दुकानही तिला पाण्याखाली असल्यासारखं वाटत होतं. काचांमागे हिरवट उजेड साचला होता. पाणबुड्यांसाठी, डोंगर चढणाऱ्यांसाठी केलेली जाडजूड पोलादी घड्याळं त्यात माशांसारखी निश्चल तरंगत होती. शेकडो टिकटिकी एकमेकींत मिसळून कुठेतरी वाळू सांडत असल्यासारखा आवाज येत होता. या आवाजात आपण उभ्याउभ्या झोपून जाऊ, असं तिला एकदा वाटून गेलं.

अप्पांना सत्तर वर्षं पूर्ण होणार होती. तिन्ही भावंडांनी मिळून भारीतलं घड्याळ घ्यायचं ठरवलं आणि निवडायचं काम हिच्या गळ्यात पडलं. दणकट घे, भाऊ म्हणाले होते, अप्पांचा हात कुठेही आपटतो. तिच्या मनात मात्र वेगळंच होतं. ते तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. मनगटावर चांगलं वजन असलं, तर हात थरथरायचा थांबेल. निदान कमी तरी होईल. मग अप्पा चिमणीला घेतील.

आठ महिन्यांत त्यांनी नातीला एकदाही उचललं नव्हतं. बंदरावर चाळीस वर्षं क्रेन चालवलेला माणूस. घराएवढी खोकी त्यांनी जहाजातून उचलून पीस ठेवावं तशी जमिनीवर टेकवली होती. त्या कामाचा एकच नियम होता आणि तो ते अजून पाळत होते. हात हलत असेल, तर माल उचलायचा नाही. चिमणीला पुढे केलं की ते एक पाऊल मागे सरत. लांबूनच तिच्याशी गप्पा मारत, शीळ घालत, तोंडं वेडीवाकडी करत. हात खिशात.

“याहून जड दाखवा,” ती घड्याळवाल्याला म्हणाली.

त्याने चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. “ताई, घड्याळ वजनावर घेत नाहीत, मनगटावर घेतात. काकांचं मनगट बारीक आहे. घड्याळाची कड हाडाच्या बाहेर गेली तर दिवसभर टोचत राहील.”

“टोचू दे हो. पण जड हवं.”

“आलं लक्षात,” अप्पा हळूच म्हणाले. “माझ्या हातावर पेपरवेट ठेवायला निघालीयेस तू.”

तिचे कान तापले. तेवढ्यात चिमणीच बोलली. तिची झोपेची वेळ टळून गेली होती. आधी कुरकुर झाली, मग तिने सरळ भोकाड पसरलं. लेक तिला झुलवत, थोपटत काउंटरच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारू लागली. खांदे भरून आले, पण थांबायची सोय नव्हती. जरा थांबली की आवाज वर चढे.

घड्याळवाल्याने खालच्या कप्प्यातून एक लहानसर घड्याळ काढलं. राखी तबकडी, जाड काच, बोटाला गार लागणारं पोलाद. त्याने पट्ट्याच्या दोन कड्या काढल्या, ते अप्पांच्या मनगटावर चढवलं आणि पट्ट्याखाली करंगळी सरकवून पाहिली.

“बसलं,” तो म्हणाला.

खरंच बसलं होतं. जणू त्याच मनगटावर ओतून घडवलेलं. आणि हात थरथरतच होता, घड्याळासकट. लेकीने तोंड फिरवलं. एवढे दिवस मनात जपलेला बेत असा काचेच्या काउंटरवर उघडा पडला.

“चावी किती दिवसांनी द्यायची?” अप्पांनी विचारलं.

“द्यायचीच नाही. सेलसुद्धा नाही यात. आत एक अर्धी चकती असते. हात हलला की ती फिरते, ती फिरली की स्प्रिंग भरते. खुर्चीत बसून राहणाऱ्यांची बंद पडतात. मग येतात माझ्याकडे भांडायला.” बोलता बोलता तो थांबला. मघापासून त्याने त्या हाताकडे पाहायचं टाळलं होतं. आता सरळ पाहिलं. “तुमचं नाही बंद पडायचं, काका.”

अप्पांनी मनगट कानाशी नेलं. आत काहीतरी गरगरत होतं, अगदी बारीक, दूर कुठेतरी भोवरा फिरावा तसं. ते ऐकत राहिले. शंभर चकचकीत काचांमध्ये त्यांचा थरथरता हात शंभर वेळा दिसत होता, तरी तो खिशात गेला नाही.

चिमणीचा आवाज आता टिपेला पोचला होता.

“किती वेळ झुलवतेयस,” अप्पा म्हणाले. “हात भरून आले असतील तुझे. दे तिला इकडे.”

आठ महिने ती याच शब्दांसाठी झुरली होती. आणि आता तिचीच मिठी सुटेना. चिमणीला तिने आणखीच घट्ट धरलं, आणि घरात इतकी वर्षं कुणी उच्चारलं नव्हतं ते तिच्या तोंडून निघून गेलं.

“अप्पा, पण हात हलतोय तुमचा!”

अप्पा काउंटरपुढच्या खुर्चीत नीट मागे टेकून बसले आणि त्यांनी दोन्ही हात पुढे केले.

“मग हलू दे की. झोपवायचंच तर आहे तिला.”