बरी असशील तर एक दाब

“चाचणीच्या ब्रँचमध्ये घरच्या माणसाचा नंबर ठेवत जाऊ नकोस गं,” प्रियदर्शनी फोनवर म्हणाली होती. “तिथली एखादी ओळ चुकून मेनमध्ये गेली म्हणजे?”

“माझी आई आहे ती. कितीदा फोन लावला तरी चिडत नाही. असा टेस्टर पगार देऊन तरी मिळेल का तुला?” दीपमाला हसली होती. मांडीवर झोपलेल्या लेकीच्या, संस्कृतीच्या, नाकाखाली बोट धरून तिनं श्वास बघितला होता आणि पुन्हा कामाला लागली होती.

दिवाळी झाली की धारूरच्या घाटाखालची गावं ऊसतोडीला निघून जातात. मागं उरतात म्हातारी माणसं आणि शेळ्या. त्यांना रोज सकाळी फोन जावा. समोरच्यानं बटण दाबलं तर ठीक. नाही दाबलं तर गावातल्या एका ठरलेल्या माणसाला निरोप जावा आणि त्यानं दारात जाऊन बघावं. बीडच्या एका संस्थेसाठी दोघी मैत्रिणी घरी बसून ही सोय उभी करत होत्या. प्रोग्राम एकच, पण त्याच्या शाखा, म्हणजे ब्रँच, दोन. मेन म्हणजे खरीखुरी, गावोगाव चालणारी. दुसरी चाचणीची. तिच्यात काही मोडलं तरी मेनला धक्का लागत नाही. सगळं नीट जमलं की ती मेनमध्ये मिसळायची, म्हणजे मर्ज करायची.

फोनवरचा आवाज दीपमालाचाच होता. “बरी आहेस ना? बरी असशील तर एक दाब.”

दीपमालाची आई, छबुबाई, दर वेळी आधी बोलायच्या, मग बटण दाबायच्या. “हा गं बाई, बरी हाय. बाळ जेवलं का?”

“अगं आई, तो भरून ठेवलेला आवाज आहे. मी नसते तिथं.”

“मंग? आवाज तर तुझाच हाय की.”

बजरंगनं, दीपमालाच्या भावानं, तोडीला निघण्याआधी यंत्राच्या फोनचा नंबर आईच्या मोबाइलमध्ये ‘दीपाताई’ म्हणूनच टाकून दिला. आईला ओळखायला सोपं.

चाचणीत एकदा छबुबाईंचं बटण दाबायचं राहिलं. निरोप थेट शेजारच्या शहादेवला गेला. तो रानातून धापा टाकत आला आणि मग त्यानं दीपमालाला फोन लावला. “ताई, कावून पळवायलाव मला? मावशी हितं निवांत शेंगा फोडायली, अन् तुमचं मशीन म्हनतंय जाऊन बघा!” मागून छबुबाईंचं हसू ऐकू आलं. “चहा पिऊन जा रे, पळून पळून दमलास.”

त्याच दुपारी दीपमालानं चाचणीच्या ब्रँचमध्ये एक ओळ घातली. या नंबरवरून उत्तर आलं नाही, तरी आलं असं समज. शहादेवला उगाच त्रास नको. काम झालं की काढून टाकू.

तोडीला निघणाऱ्यांचे ट्रक भरायला लागले तशी संस्थेची घाई सुरू झाली. मर्ज करायच्या दिवशी संस्कृतीला ताप होता. स्क्रीनवर दोन्ही ब्रँचमधला फरक, ओळ न् ओळ, वाचायचा होता. अर्धा वाचून झाला आणि पोर रडत उठली.

“फरक वाचलास ना सगळा?” प्रियदर्शनीनं विचारलं.

“हो गं, वाचला.”

फोन सुरू झाले. स्क्रीनवर नावांपुढं हिरवे ठिपके उमटू लागले. एखादा लाल झाला की कुणीतरी दारात जाऊन यायचं आणि तो हिरवा व्हायचा. आईच्या नावापुढचा ठिपका दीपमाला सगळ्यांत आधी बघायची. तो हिरवाच असायचा. आपला आवाज रोज जातोच आहे, म्हणून तिचे स्वतःचे फोन हळूहळू कमी झाले. संस्कृतीच्या नाकाखाली बोट धरणं मात्र चालू होतं.

त्या सकाळीही ठिपका हिरवा होता. तो बघून तिनं पोरीला भात भरवला. आदल्या सकाळीही तो हिरवाच होता.

दुपारी शहादेवचा फोन आला.

“ताई, शेळ्या लई वरडायल्या म्हनून बघाया गेलतो. मावशी न्हाणीपाशी पडलेली. अंग गार हाय, ताई. कालचंच दिसतंय.” मग घुटमळत म्हणाला, “फोन हातातच हाय. शेवटचा उचललेला फोन तुमचाच, काल सकाळचा. बराच येळ चाललेला दिसतोय. काय म्हनली वो मावशी तुमाला?”



दहावं झाल्यावर ती लॅपटॉपपुढं बसली. यंत्रात आई पडली त्या सकाळची नोंद होती. फोन उचलला गेला होता. यंत्रानं विचारलं होतं, बरी असशील तर एक दाब. बटण दाबलं गेलं नाही, म्हणून पुन्हा विचारलं होतं. पुन्हा. प्रत्येक वेळी दीपमालाच्याच आवाजात. शेवटी चाचणीतून मेनमध्ये आलेल्या त्या ओळीनं ‘उत्तर आलं’ असं धरून ठिपका हिरवा केला होता. पलीकडचं बोलणं ऐकायची सोय दोघींनी केलीच नव्हती.

छबुबाईंनी एक दाबला नव्हता. त्या बऱ्या नव्हत्या. सांगितलं होतं तसंच त्यांनी केलं होतं.

दीपमालानं नवी ब्रँच काढली आणि ती ओळ पुसली. बदल जतन करताना तो कशासाठी केला, हे लिहायला एक चौकोन येतो. पुढं हे काम हातात घेणारा प्रत्येक जण तो वाचतो. एरवी ती तिथं दोन शब्द टाकून मोकळी व्हायची. आज तिनं शेजारी झोपलेल्या पोरीच्या नाकाखाली बोट धरलं, ऊब लागेपर्यंत थांबली आणि मग लिहिलं:

“ही ओळ माझी होती. नंबर माझ्या आईचा होता. हे वाचणाऱ्या, तुझंही कुणी गावाकडं एकटं असेल, तर पुढचं काम थोडं राहू दे. नुसता फोन करू नकोस. कुणाला तरी दारात पाठव.”