बुधल्यातला वास

“यात काय होतं?” कस्टम्सच्या हम्मादने इंग्रजीत विचारलं आणि टेबलावरच्या मातीच्या बुधल्यावर बोट टेकवलं.

गुरुनाथने बायकोकडे, सरोजकडे पाहिलं. रियाधच्या बँकेत इतकी वर्षं मान खाली घालून नोकरी केलेला हा माणूस. कधी सिग्नलसुद्धा तोडला नव्हता. पण अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या गावकुंभारांचे जुने बुधले दिसले की त्याची अक्कल गहाण पडायची. राखेची झिलई, तिचे हिरवट ओघळ, दगडासारखं टणक भाजलेलं अंग! असे चार बुधले घरात होतेच, पण चारही काकवीचे. काकवीच्या बुधल्याला या छंदातलं कुणी हिंग लावून विचारत नाही. त्यातला एक तर सरोजने गॅलरीचं दार आपटू नये म्हणून लावून ठेवला होता. खरा मान चोरट्या दारूच्या बुधल्याला. म्हणून या पाचव्या वेळी त्याने विकणाऱ्याच्या मागे लागून पार्सलवर ठळक लिहून घेतलं होतं, ‘व्हिस्कीचा अस्सल जुना बुधला’. आणि खाली पत्ता रियाधचा.

बुडाशी काहीतरी काळं वाळून बसलं होतं. तो अस्सलपणाचा पुरावा, म्हणून त्याने तेही धुऊ दिलं नव्हतं.

“आता गप्प बसा हं,” शेजारी बसलेली सरोज मराठीत पुटपुटली. “विचारतील तेवढंच बोला. इथे राहायचा इकामा गेला तर आपल्या शर्विलची बारावी अर्ध्यावर राहील.”

पण गुरुनाथचे पाय ऐकेनात. तो खुर्चीवर बसला, उठला, पुन्हा बसला. रुमालाने कोरडंच कपाळ पुसत राहिला. मायदेशी परत पाठवलं तर आईला काय सांगायचं, इथवर त्याची मजल गेली होती.

हम्मादने आपल्या थर्मासमधलं गरम पाणी बुधल्यात ओतलं, बुधला खळखळून हलवला आणि तोंडाशी नाक नेलं. त्याच्या कपाळावर आठ्या पडल्या. सरोजने डोळे मिटून घेतले.

मग आठ्या विरल्या. हम्माद चक्क हसला.

“दिब्स!” तो म्हणाला. “आमच्याकडे खजुराचा पाक करतात ना, अगदी तसा वास. यात दारूबिरू काही नव्हती. पार्सलवरची ती चिठ्ठी तेवढी फाडून टाका. खलास, घेऊन जा.”

त्याने बुधला पुढे सरकवला. आता वास गुरुनाथलाही आला. लहानपणी सांगलीच्या गुऱ्हाळात बोटं चाटून खाल्लेली काकवी.

सरोजला रडूच फुटलं. नोकरी राहिली, घर राहिलं, पोराची शाळा राहिली. तिने डोळे पुसले आणि पर्स उचलली. “उठा, यल्ला, चला लवकर.”

गुरुनाथ उठेना. त्याचा चेहरा पार उतरला होता.

“सर,” तो काकुळतीला येऊन हम्मादला म्हणाला, “जरा पुन्हा एकदा वास घेऊन बघता का?”